वीस मिनिटांचा सौदा

आमच्या ग्रामीण रुग्णालयात येणारी माणसं डॉक्टरांशी पुस्तकी मराठीत बोलत आणि माझ्याशी मालवणीत. "साहेब, कालपासून पोटात दुखत आहे," असं डॉक्टरांना हात बांधून सांगून झालं, की तोच माणूस इंजेक्शनच्या खोलीत येऊन मला म्हणे, "गो बाई, चार दिस झाले. पण तेंका कसां सांगतलंय? ओरडतले." डॉक्टर म्हणजे पुढचं अंगण आणि मी मागीलदार. पुढून पाहुणा येतो, मागून घरचं सगळं बाहेर पडतं. नोकरीतली बरीच वर्षं मला या गोष्टीचा संताप यायचा. अजूनही येतो, पण त्याच्यामुळे एक बाई वाचली आणि माझ्या नोकरीच्या कागदांवर एक डाग पडला. ते आज लिहिते.

या अंकाच्या संपादकांनी गमतीचे अनुभव लिहा म्हणून सांगितलं होतं. गमतीचे अनुभव डॉक्टरांकडे असतात. नर्सकडे तक्रारी असतात.

माझी आई मालवणच्या बाजारात मासे विकायला बसायची. दहावीपर्यंत मी तिच्या बाजूला बसले. गिऱ्हाईक तोंडाने काय म्हणतं ते ऐकायचं नाही, त्याचा हात कुठल्या माशाकडे जातो ते बघायचं, हे मी तिथे शिकले. नर्सिंगला गेले तेव्हा नातेवाईकांनी आईला विचारलं, "परक्या पुरुषांका हात लावतली ती?" माझी दोन स्थळं रात्रपाळीच्या नुसत्या नावाने मोडली. तिसऱ्याला मीच नकार दिला, कारण त्याला बायको हवी होती आणि त्याच्या आईला फुकटची नर्स. १९९८ साली मी या रुग्णालयात आले, तेव्हा कोणाची चिठ्ठी आणली नव्हती, कोणाच्या पाया पडले नव्हते. आवाज मोठा होता आणि हात हलका. एवढ्यावर नोकरी केली.

आता थोडं कामाबद्दल, म्हणजे पुढचं समजेल. आमच्याकडे फुरसं फार. वीतभर, फारतर हातभर लांबीचा, पालापाचोळ्याच्या रंगाचा साप. काजूच्या बागेत, भाताच्या पेंढ्यांखाली, दगडी कुंपणात. आकाराने लहान म्हणून लोक त्याला मोजत नाहीत. त्याचं विष रक्तावर चालतं. रक्त साकळायचं थांबतं, आणि मग माणूस आतल्या आत, हिरड्यांतून, लघवीतून वाहू लागतो. हे लगेच होत नाही, काही तास जातात. त्या तासांत माणूस चालतो, बोलतो, चहा पितो, आणि घरच्यांना वाटतं काही झालेलंच नाही.

विष चढलंय की नाही हे कळायला आमच्याकडे एकच साधी तपासणी होती. स्वच्छ कोरडी काचेची नळी घ्यायची, त्यात रोग्याचं थोडं रक्त घालायचं, उभी ठेवायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच कलती करायची. रक्त तळाला धरून राहिलं तर थांबून लक्ष ठेवायचं. पाण्यासारखं वाहिलं तर सर्पविषावरचं औषध ताबडतोब सुरू. ते औषध घोड्याच्या रक्तापासून करतात. कोणाकोणाला त्याची उलट बाधा होते, अंग थरथरतं, रक्तदाब कोसळतो. म्हणून बाजूला दुसरं इंजेक्शन भरून ठेवायचं आणि रोग्यावरची नजर काढायची नाही. डॉक्टर औषध सांगतात. नजर नर्सची असते.

आणि मग ते कागद आले. मे महिन्यात आणि गणपतीत गावी येणारे चाकरमानी आधी औषधांची नावं चिठ्ठीवर लिहून आणायचे. नंतर इंटरनेटवरून छापलेले कागद आणू लागले. सगळे खोटे नसत. एका बापाने मुलाच्या जुलाबांवर मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण छापून आणलं होतं, ते माझ्या भिंतीवरच्या तक्त्याइतकंच बरोबर होतं. दुसऱ्या एकाने कारल्याच्या रसाचा कागद वाचून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आणि पायाचा अंगठा गमावला. दोन्ही कागद दिसायला सारखेच, पांढऱ्यावर काळे. मासा ताजा की शिळा हे कल्ला उचलून बघता येतं. कागदाला कल्ला नसतो. आणि सगळ्यात मला झोंबायचं ते हे, की ती माणसं कागद माझ्यापासून लांब धरत. "डॉक्टर आले की त्यांनाच दाखवतो, तुम्हाला नाही कळायचं."

२००८ च्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी अडीचला दारात रिक्षा थांबली. कट्टा बाजाराच्या पलीकडच्या एका गावातली भामाकाकी, पंचावन्नच्या आसपासची, नऊवारीतली, मुलाच्या खांद्यावर हात टाकून उतरली. उजवं पाऊल घोट्यापर्यंत सुजलेलं. तोंड पानाने लालभडक. मुलगा निलेश, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याच्या हातात आईची पिशवी नव्हती, प्लास्टिकची फाइल होती.

"डॉक्टर कुठे आहेत?"

"ओरोसला जिल्ह्याच्या बैठकीला. दुसऱ्या डॉक्टरांची जागा रिकामी आहे. काय झालं ते मला सांगा."

"आईला साप चावलाय. काजूच्या बागेत, एकच्या सुमारास. लहानसा होता. दीड तास झालाय आणि तिला काहीच होत नाहीये."

"कट्ट्याहून इथे यायला दीड तास?"

"सायबर कॅफेत थांबलो होतो. माहिती काढायला. लाइट गेली होती, जनरेटर सुरू होईपर्यंत वेळ गेला."

"आणि आई?"

"रिक्षात बसली होती."

काकीला खाटेवर घेतलं, पाय हलणार नाही असा ठेवला, रक्त काढून नळीत घातलं, वेळ लिहिली आणि ओरोसला फोन लावला. बैठकीच्या ठिकाणी कोणीतरी उचलला, निरोप देतो म्हणाला. वीस मिनिटांनी मी नळी कलती केली. रक्त वाहिलं.

"औषध सुरू करायला हवं," मी निलेशला म्हटलं. "इथे सही करा."

त्याने फाइल उघडली. इंग्रजी कागद होते, खाली रेघा मारलेल्या. "या आकाराच्या सापाचा दंश बहुतेक वेळा कोरडा असतो. लक्षणं नसताना अँटिव्हेनम देऊ नये. त्याने माणूस मरू शकतो. हे परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलचं आहे."

"परदेशातल्या सापाचं आहे."

"तुम्ही वाचलंत का?"

"तुमच्या सापाने वाचलंय का?"

त्याचा चेहरा लाल झाला. तिसरा कागद काढून तो म्हणाला, "ठीक आहे. तुमच्या या टेस्टबद्दलच लिहिलंय. नळी साबणाने धुतलेली असेल तर निरोगी माणसाचं रक्तही साकळत नाही. तुमची नळी कशाने धुतली?"

आणि मी भडकले. दहा वर्षं ती नळी माझ्या हातात होती. "मग तो कागदच गुंडाळ तिच्या पायाक!" असं मी ओरडले, ते अख्ख्या वॉर्डने ऐकलं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याविरुद्धच्या अर्जात शब्दशः आलं.

दाराशी आमची आया इंदूमावशी उभी होती. तिने मला डोळ्याने बाजूला बोलावलं. "बाई, रागवा नको. नळये काल मीच घासलंय. पावडर लावन."

"तुका कोणी सांगलां?"

"तुमची सुट्टी होती. चिकट झाले होते."

नळ्या नुसत्या पाण्याने धुवायच्या आणि उन्हात वाळवायच्या, हा नियम मीच तिला घालून दिला होता. कारण मात्र सांगितलं नव्हतं. आयाला कारण कशाला सांगायचं, असं मला वाटलं होतं. लोक माझ्याशी जे करत होते तेच मी तिच्याशी केलं होतं. आणि सगळ्याच नळ्या त्या एका घासणीतल्या.

निलेशसमोर जाऊन हे कबूल करायला माझी जीभ उचलेना. तरी केलं. "तुझा तिसरा कागद बरोबर आहे. नळीला साबण लागला होता."

"म्हणजे आईला काही झालेलं नाही."

"म्हणजे कळलेलं नाही. आता माझं ऐक." अरेतुरेवर मी कधी आले ते मला कळलं नाही. "त्याच घासणीतल्या दोन नळ्या घेते. एकीत आईचं रक्त, एकीत तुझं. दोन्ही शेजारी ठेवायच्या. तुझंही साकळलं नाही तर नळ्या खोट्या. मी लेखी माफी मागते आणि तू आईला वाटेल तिथे ने. तुझं साकळलं आणि तिचं नाही, तर एक शब्द न बोलता सही करायची."

"आणि वीस मिनिटं होईपर्यंत इंजेक्शन नाही."

"नाही."

"शब्द?"

"शब्द."

बाजारात आई एकदा भाव सांगितला की मागे घेत नसे. मीही नाही. त्याने बाही वर केली. रक्त काढताना त्याने मान फिरवली आणि डोळे घट्ट मिटले. तीन वाजून पाच मिनिटांनी दोन्ही नळ्या शेजारच्या खोलीत टेबलावर उभ्या राहिल्या.

"तू इथेच थांब, घड्याळ धरून," मी म्हटलं. "मी हात लावला असं नको व्हायला."

हे मी त्याच्या समाधानासाठी म्हटलं, आणि त्याला आईपासून लांब ठेवण्यासाठीही. मला तिच्याशी एकटीशी बोलायचं होतं. पायाची सूज दोन तासांची वाटत नव्हती.

सलाइन लावलं. इंदूमावशीला औषधाच्या बाटल्या काढायला सांगितल्या. आत पावडर असते, पाणी घालून हातात हळूहळू फिरवायची. हलवली तर फेस होतो आणि औषध वाया जातं. "आणि कित्याक ता ऐक," म्हणून कारणही सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

मग मी काकीला पाणी दिलं. "चूळ भर गो काकी. पान थुंक."

तिने भांड्यात चूळ भरली, लाल. दुसरी भरली, लाल. तिसरी तितकीच लाल.

"पान कधी खाल्लंस?"

"आज खंय खाल्लंय? सकाळपासून तोंडात काय घेवक नाय."

आयुष्यभर पान खाणाऱ्या बाईचं तोंड लाल दिसलं तर कोण बघणार? मुलाने बघितलं नाही, रिक्षावाल्याने नाही, आणि अडीच वाजता मीही नाही. मी तिचा ओठ खाली केला. हिरड्यांच्या कडांनी बारीक रक्त झिरपत होतं.

मी खाली वाकले. "काकी, माका खरां सांग. कधी चावलां?"

मुलगा बसला होता त्या खोलीच्या दाराकडे तिने बघितलं. "झील खंय?"

"थंय आसा. ऐकूक येवचां नाय."

"सकाळी. नऊ वाजले होते. तो निजलेलो होतो. मी शेजारच्या वाडीत औषध देतत त्या आजोबांकडे गेलंय. तेनी पालो वाटून लावलो. म्हणाले, दिवो लागासर कोणाक सांगूचां नाय. सांगलास तर गुण येवचो नाय. मगे दुपारी पाय सुजलो तेव्हा झिलाक सांगलंय, आत्ताच चावलां म्हणान."

तिन्हीसांजेला दिवा लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. हा नेम आमच्याकडे जुना. मी लहानपणी तो स्वतः पाळला आहे.

"मग माका कसां सांगलंस?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. तिथे एक एक मिनिट मोलाचं होतं.

काकी सहज म्हणाली, "तुका सांगलां तर काय होता? तू काय डाक्टर न्हय."

आतापर्यंत हे वाक्य मी अनेक तोंडांतून ऐकलं होतं, पण इतक्या विश्वासाने कोणी म्हटलं नव्हतं. मी कोणी नव्हते, म्हणून मला सांगितल्याने शब्द मोडत नव्हता.

तिने माझं मनगट धरलं. "झिलाक सांगू नको गो. त्या पाल्याचां कळलां तर तो माका परत कधी तोंड दाखवचो नाय. दोन वर्सांनी इलोहा."

"नाय सांगणंय."

म्हणजे पंधरा मिनिटांत मी दोन शब्द दिले होते, आणि दोन्ही एकाच वेळी पाळता येणार नव्हते.

ऑफिसातला फोन वाजला. मी धावले. ओरोसहून डॉक्टर.

"सिस्टर, चावून किती वेळ झाला?"

"सहा तास."

"निरोपात तर दीड म्हणाले."

"आता कळलं. हिरड्यांतून रक्त येतंय. दुसरी नळी ठेवलीय, अजून दहा मिनिटं आहेत."

"नळीची वाट कसली बघताय? सुरू करा. मी निघालो."

निलेशची सही नव्हती. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की सहीसाठी आपण मुलाच्या मागे का लागलोय? चावलंय कोणाला? बाई शुद्धीत आहे, बोलतेय. तिला कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. कागद तिच्यापुढे धरला, औषधाने काय होऊ शकतं ते मालवणीत सांगितलं. "तू सांगतंस तर घाल," असं म्हणून तिने शाळकरी अक्षरांत नाव लिहिलं. मी औषध सुरू केलं.

निलेश दारात आला. "सिस्टर! चौदा मिनिटं झालीत. तुम्ही शब्द दिला होता."

चादरीखाली काकीची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

"दिला होता," मी म्हटलं. "मोडला."

"का?"

मी सलाइनचे थेंब मोजू लागले. तो परत नळ्यांकडे गेला. सहा मिनिटांनी दोन्ही नळ्या हातात घेऊन आला आणि माझ्यासमोर कलत्या केल्या. त्याचं रक्त तळाला घट्ट धरून होतं. आईचं कोकमाच्या आगळासारखं पातळ, वाहत काठाला आलं. एवढं होऊन मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याच क्षणी इंदूमावशी ओरडली, "बाई!"

काकी थरथरत होती. गळ्यावर, दंडांवर गांधी उठल्या होत्या. तोंडाने श्वास घेत होती. मी औषध थांबवलं, भरून ठेवलेलं इंजेक्शन मांडीत दिलं, पाय वर केले, रक्तदाब बघितला. पारा खाली येत होता. परत बघितला. निलेश भिंतीला टेकून म्हणत होता, "मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं तुम्हाला." त्याचा तोही कागद बरोबर होता. फक्त त्या कागदात हे नव्हतं, की बाजूला भरलेली सुई घेऊन कोणीतरी उभं असेल तर त्यातून माणूस परत येतो.

पाच-सहा मिनिटं गेली असतील. मग काकी म्हणाली, "थंडी वाजता गो," आणि ते वाक्य मला एखाद्या मानपत्रापेक्षा गोड लागलं. रक्तदाब वर आला. औषध पुन्हा सुरू केलं, थेंब थेंब.

साडेचारनंतर डॉक्टर आले. निलेशने त्यांचे दोन्ही हात धरले. "साहेब, तुम्ही आलात म्हणून." मी भांडं धूत होते. पारदर्शक पाणी लाल होत होतं.

सहाव्या दिवशी काकी चालत घरी गेली. पंधरा दिवसांनी माझ्याविरुद्ध निलेशचा अर्ज आला. रोग्याच्या नातेवाइकांशी उद्धट वर्तन, अस्वच्छ साहित्य, तपासणी पूर्ण होण्याआधी औषध दिले, आणि ते समर्थनीय ठरावे म्हणून केसपेपरवर दंशाची वेळ खोटी लिहिली. मी सकाळी नऊ लिहिले होते. चौकशीला आलेल्या साहेबांनी काकीला घरी जाऊन विचारलं. मुलगा शेजारी बसला होता. काकी म्हणाली, एक वाजता.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला ही वेळ सांगितली कोणी?"

"रोग्याने."

"रोगी नाही म्हणतो."

डॉक्टर माझ्या बाजूने बोलले, हे लिहायला हवं. रोगी बरा झालाय, फोनवर आदेश मी दिला, असं त्यांनी लेखी दिलं. म्हणून प्रकरण तिथेच मिटलं. तरी माझ्या फाइलमध्ये एक कागद लागला, "सक्त समज देण्यात येत आहे." बाकी काय वाटेल ते म्हणा. साबणाची चूक माझी, आवाजाची चूक माझी. पण वेळ मी खोटी लिहिली नव्हती.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, भातकापणीत, एका तरुणाला फुरसं चावलं. त्याचा मेहुणा हायस्कुलात शिक्षक. त्याच्या हातात कागद. डॉक्टर आतच होते, त्यांनी नळी बघितली आणि औषध सांगितलं. मेहुणा म्हणाला, "दुसरी चाचणी होईपर्यंत घेणार नाही. इथे अनुभव लिहिलाय एकाने. आपल्याच भागातला आहे." डॉक्टरांनी दहा मिनिटं त्याच्याशी डोकं लावलं, शेवटी आवाज चढवला, तेव्हा तो बाजूला झाला. तो तरुण वाचला.

टेबलावर राहिलेला कागद मी उचलला. इंग्रजी माझं बेताचं, पण इतकं कळायला पुरे होतं. लिहिणाऱ्याच्या आईला मे महिन्यात एक वाजता साप चावला होता. कोकणातल्या एका छोट्या रुग्णालयातली नर्स घाबरली, साबणाच्या नळीवर विसंबून औषध द्यायला निघाली. लिहिणाऱ्याने दुसऱ्या तपासणीचा आग्रह धरला. नर्सने तीही पुरी होऊ दिली नाही, आणि औषधाच्या बाधेने आई मरता मरता वाचली. खाली जाड अक्षरांत सल्ला होता: पहिल्या निकालावर कधीही औषध घेऊ नका, थांबा. मी घाबरले हे सोडलं तर सगळं खरं होतं. फक्त एक वेळ खोटी होती, सहा तासांचं विष दोन तासांचं दिसत होतं, आणि त्या एका वेळेमुळे सगळा सल्ला माणूस मारणारा झाला होता.

त्या रविवारी मी एसटीने कट्ट्याला उतरले आणि चालत काकीच्या घरी गेले. ती खळ्यात भात वारवत होती. मला बघून हसली. "येवा, बसा. चाय ठेवतंय."

"चाय नको. तुझ्या झिलान काय लिवल्यान ता ऐक." कागद तिला मालवणीत वाचून दाखवला. मग त्या तरुणाचं सांगितलं.

"माझी फाइल ऱ्हवली तशी ऱ्हवांदे," मी म्हटलं. "पण ह्यो कागद उद्या आणखी कोणीतरी घेवन येतलो, आणि तेव्हा डाक्टर ओरोसाक असतलो. तेका काय झालां तर कोणी मारलां म्हणतलंस? फुरशान, काय तुज्या झिलान, काय तू?"

काकीने सूप खाली ठेवलं. "रागान तो येवचो नाय आता."

"नाय येवंदे."

हे मी कठोरपणे बोलले. आईने सुद्धा गिऱ्हाइकाला इतकं ताणलं नसतं. पण मी जागची हलले नाही. शेवटी काकीनेच मोबाइल आणून दिला. मी नंबर लावून दिला, आणि तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नऊ वाजता. पाला. आजोबा. दिवा लागेपर्यंत. मग काकीने फोन माझ्याकडे दिला.

"सिस्टर," निलेश म्हणाला. पहिल्यांदाच मालवणीत बोलला. "तुमका पाल्याचां म्हायत होतां?"

"होतां."

"मग तेव्हा सांगलास कित्याक नाय?"

"तुझ्या आवशीक शब्द दिल्लो. तुकाही दिल्लो. एक मोडूचो होतो. स्वस्त होतो तो मोडलंय."

त्याने लिहिलेलं बदललं. कट्ट्याच्या सायबर कॅफेवाल्याकडून मी स्वतः छापून घेतलं आणि तिथेच उभी राहून वाचलं. वेळ नऊ झाली होती. जाड अक्षरांतला सल्ला काढून टाकला होता. खाली एक ओळ नवी होती: ही वेळ आईने डॉक्टरांना नाही, मला नाही, फक्त तिथल्या नर्सला सांगितली होती. माझं नाव नव्हतं. नाव घालायला सांगावं असं मनात आलं होतं, पण मागून घेतलेलं नाव काय कामाचं? आणि काकीचा झील पुढच्या मे महिन्यात आला, हे इंदूमावशीने मला सांगितलं. फाइलमधला कागद मात्र निवृत्तीपर्यंत जागचा हलला नाही. मी अर्ज केला होता. उत्तर आलं नाही.

त्यानंतरच्या माझ्या नोकरीत कागद वाढतच गेले. मी ते हातातून घेऊन आधी वाचू लागले. बरोबर असेल तर बरोबर म्हणू लागले. नळ्या का साबणाने धुवायच्या नाहीत हे नव्या आयांना मी पहिल्या दिवशी सांगायचे, आणि ते सांगताना इंदूमावशी शेजारी उभी राहून मान डोलवायची. कागद वाचून झाला की नातेवाइकांना काहीतरी काम काढून बाहेर पाठवायचं, दार लोटायचं, खाटेच्या कडेला बसायचं, आणि आयुष्यभर जे ऐकून माझं डोकं फिरायचं तेच वाक्य मी स्वतःच्या तोंडाने म्हणायचं:

"मी काय डाक्टर न्हय. आता खरां सांग."

आणि ते सांगत.